बडग्याला दिलेला ॲप्रन

आमच्या गल्लीच्या बडग्याच्या गळ्यातली पाटी बरीच वर्षं माझ्या हातची असते. शाळेतून निवृत्त झालेल्या बायका भजनी मंडळात जातात, मी शिव्या लिहायला लागले. चारचौघांत वाचता येतील अशा, यमकात बसणाऱ्या.

नागपूरबाहेर वाढलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे मारबत निघते. एक काळी, एक पिवळी, अशा दोन थोराड बायांचे पुतळे, आणि त्यांच्या मागेपुढे गल्लोगल्लीचे बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्यानं छळलं त्याचा पुतळा. कधी महागाईचा, कधी रस्त्यातल्या खड्ड्यांचा, कधी डासांचा. सगळं शहर घसा फाडून ओरडतं, "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी सगळ्यांना नेऊन जाळतात. आमच्या गल्लीची आणखी एक रीत आहे. बडग्याचे कपडे विकत आणायचे नाहीत. घराघरातून एकेक वापरलेला कपडा गोळा करायचा. ज्या घरचा कपडा बडग्याच्या अंगाला लागला, त्या घरची पिडा त्याच्याबरोबर गेली. म्हणून दिलेला कपडा परत न्यायचा नाही. नेलाच, तर गेलेली पिडाही त्याच्या मागोमाग उंबरा ओलांडते म्हणतात.

मी भूगोल शिकवलेली बाई आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. कपडा मात्र मी दरवर्षी दिला आहे, आणि परत कधी मागितलेला नाही.

चीनशी माझं भांडण जुनं. लढाई लागली तेव्हा मी जेमतेम दहा वर्षांची होते. रेडिओभोवती मोठी माणसं गप्प बसलेली असायची. मला वाटलं आपणही काहीतरी करावं, म्हणून मी आईची लोणच्याची बरणी वरवंट्यानं फोडली, कारण तिला घरात सगळे चिनीमातीची म्हणत. तेल माझ्या पायांवर आलं, फोडी न्हाणीपर्यंत गेल्या. आईनं मला कोपऱ्यात उभं केलं. वर्षभर आम्ही लोणच्याशिवाय जेवलो. शत्रूला ते कधी कळलंच नसावं.

पुढे मी भूगोलाची बाई झाले, म्हणजे अडाणीपणाबद्दल पगार मिळू लागला. भिंतीवरच्या नकाशाला छडी लावून मी ठणकावून सांगायची, हा देश मोठा आहे, पण लोकसंख्येच्या ओझ्यानं वाकलेला आहे. नद्यांना पूर, ताटात भात, सगळ्यांच्या अंगावर एकाच रंगाचे कपडे. याचं आपल्या पुढे जाणं शक्य नाही. मुलं खाली मान घालून लिहून घ्यायची. मी स्वतः तोवर भोपाळच्या पलीकडे गेले नव्हते. पण काय तो आवाज, काय ती छडी! आज ती तरुण बाई माझ्यासमोर आली तर मी तिला शेवटच्या बाकावर बसवीन आणि तास संपेपर्यंत बोलू देणार नाही.

मग सीताबर्डीच्या फुटपाथवर तिकडचा माल आला. बॅटऱ्या, बाहुल्या, वाजणारी घड्याळं. आम्ही हसलो. न टिकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला चायना म्हणायचं ठरूनच गेलं. माझ्या एका भाचीचं लग्न मोडलं तेव्हा मांडवातल्या बायका नवऱ्या मुलाला चायना म्हणाल्या, आणि त्यात मी होते. हे हसणं कधी थांबलं ते आठवत नाही. तान्ह्या पोळ्याला पोरं मिरवतात त्या लाकडी बैलाच्या गळ्यातली लुकलुकती माळसुद्धा तिकडून यायला लागली, आणि एक दिवस लक्षात आलं की आता कोणी हसत नाही, सगळे चिडतात. चिडून घेतात मात्र. मीही घेतलं. आमच्या देवघरातला विजेचा दिवा कुठला आहे ते मी उलटून पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही.

अशा घरातली माझी नात डॉक्टर व्हायला चीनला गेली.

इथल्या सरकारी कॉलेजात तिचा नंबर थोडक्यात हुकला. खासगीचं नाव काढायची आमच्या घरात सोय नव्हती. मुलगा खापरखेड्याला वीज केंद्रात नोकरीला, त्याच्या बरोबरच्या कोणाची तरी मुलगी आधीच तिकडे शिकत होती. तो सगळी चौकशी करून आला आणि त्यानंच हिला पाठवलं. दीड वर्ष छान गेलं. नात तिकडून फोनवर चित्रं दाखवायची. गाडी अशी पळते की खिडकीतलं शेत दिसतं न दिसतं तोच मागे पडतं. "आजी, तुझ्या नकाशात हे गाव होतं का गं?" ती विचारायची. मी म्हणायची, नकाशा जुना होता. बाई नवी होती हे मी सांगत नसे.

मग कोरोना आला. ती शेवटच्या विमानांपैकी एकानं परतली, आणि तिकडची दारं बंद झाली ती दोन वर्षांहून जास्त. ती आली तेव्हा लोक आमच्या दारासमोरून जाताना पलीकडची कड धरायचे. नंतर लोक बोलायला लागले, ते जास्त वाईट होतं. भाजी घेताना शेजारीण म्हणाली, "तुमची नात चिनी शिकते म्हणे. काहून वं, जगात दुसरा देश नव्हता का?" त्याच उन्हाळ्यात सीमेवर आपले जवान मारले गेले. त्या दिवशी मी स्वतः जेवले नाही. माडीवर नात खिडक्या लावून बसली होती, कारण तिचा वर्ग चालू होता आणि त्यातला आवाज त्या भाषेतला होता. तिकडे दिवस आपल्या आधी उगवतो, म्हणून हिचे वर्ग आमची चूल पेटण्याआधी सुरू व्हायचे. पडद्यावर बघून रोगी तपासता येत नाहीत. तिकडे जाऊन दवाखान्यात उभं राहून शिकलेलंच इथे धरणार होते. म्हणजे ती परत गेली तर डॉक्टर, नाही गेली तर बारावी पास.

दोन वर्षांच्या खंडानंतर मारबत निघायची होती, त्याच आठवड्यात बातमी आली की तिकडचा व्हिसा पुन्हा सुरू होतो आहे. नातीनं जेवताना ते सांगितलं. मुलगा पोळी मोडत राहिला.

"आता पुरे," तो म्हणाला. "इथं बी.एस्सी.ला नाव घाल."

"चार वर्षं झाली, बाबा."

"त्यातली निम्मी माडीवर झाली."

"म्हणूनच तर जायचं आहे."

"अन् तिथं पुन्हा काही झालं तर? रोग झाला, लढाई झाली, तर कोण आणायला येईल तुला? मी येऊ खापरखेड्याच्या बसनं?"

सून भाजी वाढायची थांबली. मुलगा हट्टी नाही, घाबरट आहे. मागच्या वेळी हिचं विमान उतरेपर्यंत तो दोन दिवस अंघोळ न करता फोन धरून बसला होता. आणि तिला पाठवणारा तोच होता, हे त्याला गल्लीनं रोज नव्यानं सांगितलं होतं.

"मी सांगून टाकलं," तो उठत म्हणाला. "जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला माझा एक जुना विद्यार्थी आला. त्याचे केस आता माझ्याइतके पांढरे आहेत, पण मला बाई म्हणतो आणि चप्पल पायरीखाली काढतो. बडग्याचं सगळं तोच पाहतो.

"बाई, यंदा दोन वर्षांनी मारबत निघून राहिली. बडग्या असा पाह्यजे का लोकं थांबून पाहतीन."

"कशाचा करता?"

त्यानं माडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चीनचा."

"तुझ्या दुकानात तिकडचं नाही असं काय आहे, ते सांग आधी."

"मी आहो न बाई. अन् टेबल."

मला हसू आलं. तोही थोडा हसला. मग म्हणाला, "तुमीच शिकवलं होतं का नाई, का तो देश कधी पुढं जाऊच शकत नाई म्हून? मी पेपरात तेच लिहिलं, अन् तुमी पूर्ण मार्क देले."

"मग माझाच बडग्या करा की गा. लोक थांबून पाहतील."

या वेळी तो हसला नाही. "बाई, भाऊ गेला माझा. तुमाले तर माहीत आहे." त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या लाटेत गेला. ऑक्सिजनसाठी हा माणूस गाडीवर शहरभर फिरला होता आणि रिकामा सिलिंडर घेऊन परत आला होता. "कोणाच्या तरी नावानं वरडू द्या न एक दिवस."

मी पाटी लिहिली. सीमेवर डोळा, खिशात हात, घेऊन जा गे मारबत! लिहिताना मला त्या दिवशीचं न जेवलेलं ताट आठवलं, त्यामुळे ओळ खोटी वाटली नाही. अजूनही वाटत नाही.

रंग वाळायला पाटी मी जिन्याच्या पायरीवर ठेवली होती. नात पाणी प्यायला खाली आली आणि तिनं ती वाचली.

"यमक बसलं आहे," ती म्हणाली.

"राग आला का वं?"

"नाही." ती पाणी पिऊन पुन्हा तिथेच उभी राहिली. "आजी, हॉस्टेलची मावशी पण यातच आली का?"

ही मावशी म्हणजे तिच्या वसतिगृहाची राखण करणारी म्हातारी. नातीला तिकडे पहिल्याच हिवाळ्यात ताप आला, तेव्हा या बाईनं तिला स्वतःच्या खोलीत निजवून भाताची पेज पाजली होती. गरम पाण्यानं जगातले सगळे रोग बरे होतात असं तिचं मत, आणि ते माझंही आहे.

"ती नाही आली त्यात," मी म्हटलं.

"मग पाटीवर तसं लिही न."

"पाटीवर जागा किती असते वं!"

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि वर गेली.

संध्याकाळी कपडे मागायला मंडळी आली. माळ्यावरच्या गाठोड्यातून मी हाताला लागले ते दोनतीन कपडे काढून दिले. एक पांढरा, डाग पडलेला, लांब कोट होता. मुलगा कॉलेजात असताना प्रयोगशाळेत घालायचा तो असावा, असं मी ठरवलं. चष्मा वर राहिला होता. जिना चढायचा मला कंटाळा आला. कपडा मऊ झालेला होता, म्हणजे जुना, म्हणजे द्यायला योग्य. इतका विचार मी केला, आणि माझ्या मानानं तो बराच होता.

मारबतीच्या सकाळी गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजायला लागला तसे आम्ही सगळे खाली उतरलो. बडग्या खरोखरच थांबून पाहावा असा झाला होता. बांबू आणि तणसाचं अंग, मडक्याचं तोंड पिवळं रंगवलेलं, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन रेघा. एका हातात मोबाइलचं खोकं, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी सुई. गळ्यात माझी पाटी. आणि अंगात पांढरा कोट, रोग वाटत फिरणाऱ्या डॉक्टरचा.

"बाई, कोट पाहा!" मोबाइलवाला लांबूनच ओरडला. "तुमच्या गठ्ठ्यातून निंघाला. खिशावर त्यायच्याच भाषेत लिहून आहे. एकदम ओरिजनल!"

खिशावर लाल दोऱ्यानं भरलेली तीन अक्षरं होती. मला ती कळण्याचं कारण नव्हतं. भोवतालच्या लोकांनाही नव्हतं, पण त्यामुळे कोणी अडलं नव्हतं.

"मेड इन काहीतरी असन."

"कोरोनाच लिहून असन, पाह्य ना."

"शिवी असन आपल्याले."

मग मोबाइलवाल्याचं लक्ष माझ्या मागे गेलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हिले वाचता येते न! काय लिहून आहे वं, सांग बरं सगळ्यायले."

मी वळून पाहिलं. नात त्या खिशाकडे बघत होती. तिच्या बापानं तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि तिला काय झालं हे त्यालाही कळलेलं नव्हतं.

"माझं नाव आहे," ती म्हणाली.

ढोलवाला वाजवत होता तो थांबला. तिनं मग हळू आवाजात सांगितलं की हा तिचा ॲप्रन आहे. तिथे कोणाला तिचं नाव उच्चारता येत नव्हतं, म्हणून मावशीनं ते त्यांच्या अक्षरांत बसवलं आणि दवाखान्यात जायच्या पहिल्या दिवसाआधी खिशावर भरून दिलं. डाग आयोडीनचा आहे. लोक बोलायला लागले तेव्हा तिनंच तो माळ्यावरच्या गाठोड्यात ठेवून दिला होता.

मोबाइलवाल्याचे कान लाल झाले. तो पुढे झाला आणि बडग्याचा कोट काढायला लागला. वरचं बटण निघालं तोच मागून शेजारणीचा आवाज आला. "परत नको देऊ गा! बडग्याच्या अंगाले लागलेला आहे. पोरीच्या मागं लागन सारं."

त्याचा हात दुसऱ्या बटणावर थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळेच माझ्याकडे बघत होते. काढ रे, असं एक वाक्य मला म्हणायचं होतं. जन्मभर वर्गात मी यापेक्षा मोठी वाक्यं पुराव्याशिवाय ठोकली होती. पण पोर समोर उभी होती, मागच्या वर्षी याच गल्लीतून किती तिरड्या गेल्या ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि काढ म्हणवेना. काढू नको असंही म्हणवेना. तिचं नाव जाळायला कशी देऊ?

"राहू द्या काका," नात म्हणाली. "मावशी मला दुसऱ्यावर नाव भरून देईल. मी जाणारच आहे आता."

ती बापाकडे न पाहता बोलली. पण बोलली ती सगळ्या गल्लीसमोर, आणि तिच्या खांद्यावर अजून त्याचा हात होता.

"पुन्हा तिकडं?" शेजारीण म्हणाली. "एवढं सारं झाल्यावर? काहून वं माय?"

"डॉक्टर व्हायचं राहिलं आहे न काकू."

"अन् झाल्यावर? तिकडचीच होशीन?"

"इकडंच येईन. इथं डॉक्टर कमी पडले होते न."

हे ती कोणाला दुखवायला बोलली नाही. पण मोबाइलवाल्यानं मान खाली घातली आणि बराच वेळ त्या बटणाशी चाळा करत राहिला. कोणी त्याला घाई केली नाही. मग त्यानं उरलेली बटणं काढली, कोट बडग्याच्या अंगातून सोडवला, तिथल्या तिथे उलटा केला आणि पुन्हा त्याच्याच अंगात चढवला. नाव आत गेलं, शिवणी बाहेर आल्या. कपडा परत गेला नाही आणि नावही कोणाला दिसलं नाही. त्याला हे कसं सुचलं ते मी विचारलं नाही.

"पाटी राहू देऊ का बाई?" त्यानं विचारलं.

मी नातीकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "ती पाटी आहे, आजीनं लिहिलेली. त्यात खोटं नाही काही. पूर्ण नाही, इतकंच."

ढोल पुन्हा सुरू झाला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर गर्दीनं आमचा बडग्या पाहिला आणि हशा पिकला. "उलटा कोट! यायचं सारं उलटंच!" लोकांना वाटलं आम्ही मुद्दाम केलं आहे. दोघातिघांनी मला गाठून दाद दिली, बाई, काय डोकं आहे तुमचं. मी नेहमीप्रमाणे ती घेतली.

मग पिवळी मारबत जवळ आली आणि हसणं विरलं. त्या वर्षी लोक ओरडत होते ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. इतर वर्षी त्यात गंमत असते. या वेळी "रोगराई" हा शब्द आला की माणसांचे आवाज फाटत होते. मोबाइलवाला बडग्याचा बांबू खांद्यावर धरून ओरडत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तो कोणाच्या नावानं ओरडत होता, एका देशाच्या की रिकाम्या सिलिंडरच्या, हे त्यालाही सांगता आलं नसतं. माझ्या शेजारी नात उभी होती. तीही ओरडली. "रोगराई घेऊन जा गे मारबत!" तिचा आवाज मला नीट ऐकू आला, कारण मी ओरडायची थांबून तिच्याकडे बघत होते.

बडगे पुढे गेले. मुलगा गर्दीतून वाट काढत आमच्या बाजूला येऊन उभा राहिला. मिरवणुकीकडेच बघत त्यानं विचारलं, "तिकडं थंडी केव्हापासून पडते?"

"ऑक्टोबरपासून, बाबा."

"मग स्वेटर घ्यावे लागतील."

"तिथं छान मिळतात. स्वस्त पण असतात."

"इथूनच घेऊ," तो म्हणाला.